घरी येणारी पॅलिएटिव्ह फिजिओथेरपी, सिंहगड रोड, पुणे : अण्णांच्या शेवटच्या महिन्यांतला अनुभव

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच. पॅलिएटिव्ह म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करून त्याला आराम देणारी सेवा. ज्यांच्या घरात कॅन्सरचा किंवा बरा न होणाऱ्या कुठल्याही दुखण्याचा पेशंट आहे, त्यांनी ह्यांना जरूर बोलवावं आणि शेवटच्या आठवड्याची वाट न बघता बोलवावं, एवढं आधी सांगते.

पेशंट म्हणजे माझे वडील, अण्णा. वय ७८, आयुष्यभर लेथवर उभं राहून काम केलेलं. फुप्फुसाचा कॅन्सर, तो बरगड्यांत आणि पाठीच्या मणक्यांत पसरलेला. केमो थांबवायचं ठरलं त्या दिवशी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनी औषधांच्या कागदावर शेवटी एक ओळ लिहिली : फिजिओथेरपी, घरी. आत्या लगेच म्हणाली, "आता कशाला दादाचे हाल करता? पडू दे की त्याला निवांत." हा प्रश्न बहुतेक घरांत निघत असणार. पण नुसतं पडून राहण्याचेही हाल असतात, आणि ते आपल्याला उशिरा दिसतात. गुडघे-खांदे आखडतात, मग डायपर बदलतानाही माणूस ओरडतो. टाचा, माकडहाड, खुबे इथली कातडी सोलवटते आणि जखम होते. छातीत कफ साठतो. पायातली ताकद बघता बघता जाते. आत्याला हे सगळं समजावून सांगणं मला तेव्हा जमलं नसतं, ते पहिल्याच भेटीत फिजिओ मॅडमनी केलं आणि तेही तिच्यावर न चिडता.

ह्यांच्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणाहून माणूस बोलवला होता. नाव लिहीत नाही. तो मुलगा स्वभावाने चांगला होता, पण त्याच्याकडे एकच तक्ता होता. गुडघा बदललेल्यालाही तोच आणि अण्णांनाही तोच. पाय दहा वेळा उचला, हात दहा वेळा वर, मोजत राहायचं. आठव्या वेळेला अण्णांचे ओठ निळसर पडले तरी तो "अजून दोनच, आजोबा" म्हणत होता. कफासाठी म्हणून त्याने पाठीवर थापट्या मारायला हात उचलला तेव्हा मी त्याला थांबवलं, कारण बरगड्यांतला पसरलेला कॅन्सर स्कॅनमध्ये स्पष्ट लिहिलेला होता. पोखरलेली बरगडी अशा थापटीने मोडू शकते. त्याने रिपोर्ट मागितलाच नव्हता. फिजिओथेरपी ह्या एका नावाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात हे कळावं म्हणून हे लिहिलं. डिग्री तीच असली तरी बरा होणाऱ्या माणसाबरोबर काम करणं आणि बरा न होणाऱ्या माणसाबरोबर काम करणं ह्याचा अभ्यास वेगळा आहे.

ह्या सेवेतल्या मॅडम आल्या त्या पहिल्या दिवशी व्यायाम झालाच नाही. त्यांनी हाडांचा स्कॅन बघितला, औषधांची यादी बघितली, प्लेटलेट किती आहेत ते विचारलं. मग कॉटजवळ खुर्ची ओढून अण्णांच्या डोळ्यांच्या पातळीला बसल्या आणि म्हणाल्या, "काका, दिवसभरात कुठली गोष्ट स्वतःला करता यावीशी वाटते?" मला वाटलं अण्णा म्हणतील, चालायचंय. अण्णा म्हणाले, "दाढी."

रोज सकाळी पितळी वाटीत पाणी घेऊन, आरशासमोर उभं राहून दाढी करणारा माणूस. गेले काही आठवडे माझा भाऊ ती करून देत होता आणि अण्णा भिंतीकडे बघत बसायचे. मॅडमनी दुसऱ्या दिवशी वेळ ठरवली ती मॉर्फिनची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, म्हणजे गोळीचा असर असताना. हाताची खुर्ची जेवणाच्या टेबलाला लावली. टेबलावर दोन उशा, त्यावर दोन्ही कोपरं. आरसा भिंतीवरून काढून टेबलावर तिरका टेकवला. कारण त्यांनी सांगितलं : हात खांद्याच्या वर उचलले की खांद्याचे आणि मानेचे जे स्नायू धापेच्या माणसाला श्वास घ्यायला मदत करत असतात ते दुसऱ्या कामाला लागतात, आणि दम जास्त लागतो. कोपरं टेकलेली असली की ते स्नायू मोकळे राहतात. हात उचलायच्या वेळी श्वास सोडायचा, घ्यायचा नाही. फेस लावून झाला की थांबायचं. एक गाल झाला की थांबायचं. पूर्ण दाढीला चांगला अर्धा तास लागला आणि हनुवटीखाली थोडे केस राहिले. अण्णांनी गालावरून उलटा हात फिरवून बघितला, लेथवरचा जॉब तपासायचे तसाच, आणि "चालेल" म्हणाले.

त्या भेटीत एकही व्यायाम मोजला गेला नाही. पण अण्णा पाठ सरळ ठेवून अर्धा तास बसले, दोन्ही हात वापरले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, "त्या बाई किती वाजता येणारेत?" माझ्या मते ह्या सेवेचं सगळ्यात मोठं काम हेच. शरीरात जेवढी ताकद उरली आहे ती कशावर खर्च करायची हे पेशंटला ठरवू द्यायचं आणि बाकीच्या गोष्टींवरचा खर्च वाचवायचा. आंघोळ स्टुलावर बसून, नंतर टॉवेलने घासून पुसण्याऐवजी जाड पंचा नुसता अंगावर गुंडाळून बसायचं. कपडे घालताना वाकायचं नाही, पाय उचलून गुडघ्यावर घ्यायचा. जेवणाआधी पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही, म्हणजे चावायला दम उरतो. अशाने वाचलेला दम अण्णांनी दाढीला आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर टेबलाशी बसायला वापरला.

धापेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलं ते त्या धापेने. रात्री दोन वाजता माणूस उठून बसतो, डोळे विस्फारलेले, "श्वास मिळत नाही" एवढंच म्हणतो. आपण घाबरतो, आपल्याला बघून तो अजून घाबरतो, श्वास अजून वरवरचा आणि भरभर होतो. मॅडमनी आम्हाला घरातल्या सगळ्यांना बसवून शिकवलं. कॉटच्या कडेला बसवायचं, समोर टेबल, त्यावर उशांची चळत, त्यावर डोकं आणि हात टाकून पुढे झुकायचं. पाय जमिनीला टेकलेले हवेत, लोंबकळत नकोत. नाकाने श्वास आत, आणि गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठ चंबू करून हळूहळू बाहेर. बाहेर सोडण्याचा वेळ आत घेण्यापेक्षा जास्त. "मोठा श्वास घ्या" असं म्हणायचं नाही, "सोडा, सावकाश सोडा" म्हणायचं. सोडला की आत आपोआप येतो. आपण शेजारी बसून त्याच लयीत सोडत राहायचं, बडबड करायची नाही.

आणि पंखा. हातात धरायचा, सेलवर चालणारा छोटा पंखा, तुळशीबागेत अडीच-तीनशेला मिळतो. तोंडासमोर साधारण वीतभर अंतरावर धरून वारा नाकाच्या, गालाच्या, वरच्या ओठाच्या भागावर सोडायचा. तिथे जी मज्जातंतूची जाळी आहे तिला गार हवा लागली की मेंदूला वाटणारी धाप कमी होते. माझा आधी विश्वास बसला नाही. आम्ही तोवर ऑक्सिजनचं मशीन भाड्याने घ्यायच्या खटपटीत होतो, पण अण्णांचं ऑक्सिजन बोटाच्या मशीनवर ९४-९५ येत होतं. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, की रक्तात ऑक्सिजन पुरेसा असेल तर नळीतला ऑक्सिजन आणि साधी हवा ह्यात धाप कमी होण्याच्या दृष्टीने विशेष फरक पडत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मग तो पंखा, तो टेबल, आणि डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनची छोटी मात्रा ह्यावर आमच्या रात्री निघाल्या. अण्णा पंखा उशीखाली ठेवून झोपायचे. धाप लागणार अशी चाहूल लागली की स्वतःच काढायचे. स्वतःच्या हातात काहीतरी आहे हे त्यांना फार महत्त्वाचं होतं.

आता तो दिवस, ज्यासाठी मी ह्यांना पाचाच्या वर तारे दिले असते. मॅडम नेहमीप्रमाणे आल्या आणि नेहमीप्रमाणे आधी विचारपूस केली. अण्णा म्हणाले, कालपासून छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतंय आणि दोन्ही पाय जड झालेत. आम्ही घरच्यांनी ते अशक्तपणात जमा केलं होतं. मॅडमनी दोन्ही पायांचे अंगठे वर ओढून धरायला सांगितलं, मांडीपर्यंत कापसाने स्पर्श कुठे कमी लागतो ते बघितलं, आणि मला बाजूला घेऊन विचारलं की लघवी नीट होतेय का, सकाळपासून किती वेळा झाली. मग अण्णांना सपाट झोपवलं आणि म्हणाल्या, आज व्यायाम नाही, उभं करायचं नाही, कूस बदलायची ती खांदे आणि कंबर एकदम, पाठ न पिळता. तिथेच उभं राहून त्यांनी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना फोन लावला. मणक्यातल्या गाठीचा दाब मज्जारज्जूवर यायला लागला की अशी लक्षणं दिसतात, आणि ह्यात तास मोजावे लागतात. त्याच दिवशी एमआरआय झाला, संध्याकाळी स्टेरॉइड सुरू झालं, दुसऱ्या दिवशी एकाच बैठकीचं रेडिएशन. उपचार सुरू होताना माणूस चालत असेल तर तो पुढेही चालता राहण्याची शक्यता बरीच असते, पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं अवघड, असं रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा त्यानंतरही बरेच आठवडे वॉकर धरून संडासापर्यंत स्वतः जात होते. "दुसऱ्याने धुवायचं नाही मला" हे त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं होतं. ते जवळजवळ शेवटपर्यंत पाळता आलं, आणि त्याचं श्रेय मी ह्या बाईंच्या चौकस कानाला देते. आठवड्यातून दोन-तीनदा घरी येऊन माणसाला हात लावून बघणारी तीच एक होती. डॉक्टर पंधरा दिवसांनी भेटायचे.

आईला आणि कामाला ठेवलेल्या मावशींना त्यांनी जे शिकवलं त्याचाही उपयोग झाला. माझा भाऊ अण्णांना काखेत हात घालून वर ओढायचा, त्यात अण्णांचा खांदाही दुखायचा आणि भावाची कंबरही. त्याऐवजी पाठीखाली दुमडलेली चादर, दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायची. कुशीवर वळवताना पूर्ण काटकोनात नाही, पाठीला उशी लावून थोडंसंच कलतं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटरीखाली उशी अशी की टाच हवेत राहील. दर दोन तासांनी कूस. एअर बेड विकत घेऊ नका, भाड्याने घ्या, असं त्यांनीच सांगितलं. प्रत्येक स्थितीचे फोटो त्यांनी आमच्याच फोनवर काढून ठेवले, उशा कुठे कुठे आहेत ते दिसेल असे, कारण रात्रपाळीच्या मावशी वेगळ्या होत्या. सत्तरीची, अंगाने बारीक असलेली माझी आई एकटी अण्णांची कूस बदलू शकत होती.

खोटी आशा त्या दाखवत नाहीत, हे मुद्दाम नोंदवते. रेडिएशननंतर भावाने विचारलं, "मॅडम, चार महिन्यांत जिना उतरतील ना?" त्या म्हणाल्या, "दादा, मला तसं वाटत नाही. पण ह्या आठवड्यात गॅलरीत बसवू शकू." आणि बसवलं. विजेचा झटका देणारी, गरम करणारी मशीनं त्यांनी कधी आणली नाहीत की विकायचा प्रयत्न केला नाही. वेदनेसाठी ते टेन्सचं मशीन, म्हणजे कातडीवर लावून विजेचे हलके झटके देणारं, वापरू का असं मी विचारलं तेव्हा, गाठीच्या जागेवर लावायचं नसतं आणि काकांना गोळीने आराम आहे तर कशाला, असं सरळ उत्तर मिळालं. एकदा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं होतं तेव्हा मावशी तेल लावून चोळायला निघाल्या होत्या. मॅडमनी चोळू दिलं नाही, रक्ताची गुठळी असू शकते म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं.

शेवटच्या दिवसांत भेटींचं रूप बदललं. अण्णा बराच वेळ झोपलेले असायचे, खाणं थांबलं होतं. मॅडम म्हणाल्या, "आता व्यायाम नाही. आता फक्त कूस, उशा आणि तोंड ओलं ठेवणं." त्या वीस मिनिटांसाठी यायच्या आणि फी निम्मीच घ्यायच्या. गुडघे, कोपर, बोटं अगदी हळू वाकवून सरळ करायच्या, आणि दर वेळी आधी सांगायच्या, "काका, उजवा हात घेतेय." अण्णांकडून उत्तर येत नव्हतं, तरी न सांगता त्यांनी एकदाही हात लावला नाही. घशात घरघर सुरू झाली तेव्हा भाऊ सक्शन मशीन आणायला निघाला होता. त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून समजावलं की नळी घालून ओढण्याचा त्रासच जास्त होतो, तो आवाज आपल्याला जेवढा असह्य होतो तेवढा त्यांना होत नसतो. कुशीवर वळवून, डोकं थोडं उंच करून, स्राव कमी करणारं औषध दिल्यावर आवाज बराच कमी झाला. अण्णा घरीच गेले, आपल्या कॉटवर, आई शेजारी असताना. अंगावर एकही जखम नव्हती. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते सांगते.

तक्रारी. रविवारी सेवा बंद, आणि नेमकी धाप रविवारी वाढली तर फोनवर मेसेज टाकून वाट बघावी लागते. मॅडम रजेवर असताना बदली आलेल्या मुलीला अण्णांच्या मणक्यांबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, तिने त्यांना उभं करायची तयारी सुरू केली होती. मी रिपोर्ट दाखवल्यावर ती लगेच थांबली, पण ही माहिती घरच्यांकडून नव्हे, सेवेकडून तिच्यापर्यंत पोचायला हवी होती. मालकीणबाईंना कळवलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी तसं झालं नाही. अर्धा तारा ह्यासाठी. फी एका भेटीची नऊशे, आमच्या भागात हा दर चढाच आहे. पावती देतात, पण आमच्या मेडिक्लेमने घरच्या फिजिओथेरपीचे पैसे दिले नाहीत, तेव्हा आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचा.

ज्यांना हा खर्च झेपत नाही किंवा घरी करणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी : वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तिथे कॅन्सरच्या पेशंटची सेवा विनामूल्य होते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा. पुण्या-मुंबईत निदान एवढं तरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना पॅलिएटिव्ह सेवेची गरज असते आणि त्यातल्या साधारण १४ टक्क्यांनाच ती मिळते. आमच्या गावाकडे, सातारा जिल्ह्यात, अण्णांच्याच वयाचे एक जण ह्याच आजाराने गेले. त्यांना शेवटचे दोन महिने पाठीला हाताएवढी जखम होती. दोन तासांनी कूस बदलायला कुणी शिकवलं असतं तर ती झाली नसती. ह्याला मशीन लागत नाही, औषध लागत नाही, शिकवणारं माणूस लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात असा एक तरी माणूस असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ह्यांना फोन करणार असाल तर सकाळी अकराच्या आत करा, नंतर त्या भेटींसाठी बाहेर पडलेल्या असतात. हाडांचा स्कॅन, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची वेळेसकट यादी हाताशी ठेवा, पहिल्या फोनवर तेच विचारतात. आणि पेशंट बोलता असेल तर फोन त्याच्याकडे द्या, कारण दाढीसारखी गोष्ट आपल्याला सुचत नाही.